थांबणारा माग, मागणारी चिठ्ठी

आपल्याकडील कोणत्याही मध्यम प्रतीच्या कारखान्यात आज पाऊल टाकले, तर यंत्रांच्याही आधी दृष्टीस पडतात त्या भिंतींवरच्या पाट्या : अनावश्यक ते काढा, प्रत्येक हत्याराला त्याची जागा ठरवून द्या, सात प्रकारचा अपव्यय ओळखा, दोष आढळला तर पाच वेळा ‘का’ विचारा, आणि या पाट्यांवर अधूनमधून जपानी शब्द विखुरलेले असल्यामुळे पाहणाऱ्याची सहजच अशी समजूत होते की, हे सारे व्यवस्थापनशास्त्राच्या कोणा पंडिताने अभ्यासिकेत बसून, एकाच बैठकीत रचलेले सूत्रवाङ्मय असावे. वस्तुस्थिती निराळी आहे. ही साधने घडली ती सुताराच्या घरात, कर्जबाजारी कारखान्यात आणि संपाच्या धामधुमीत. त्यांचा जमाखर्च तपासू लागले की त्यात नफ्याइतक्याच अश्रूंच्याही रकमा सापडतात. आणि त्यांचा इतिहास सुरू होतो तो मोटारीपासून नव्हे, तर मागापासून.

साकिची तोयोदा यांचा जन्म १८६७ सालचा, म्हणजे शोगुनांचा अंमल संपून मेइजी राजवट सुरू होण्याच्या ऐन तोंडावरचा. त्यांचे यामागुची हे खेडे आजच्या शिझुओका प्रांतात येते. वडील सुतारकाम करीत, आणि मुलानेही रंधा हाती धरावा अशीच त्या घराची रीत होती. परंतु १८८५ साली जपानी सरकारने शोधकर्त्यास त्याच्या शोधाचा मक्ता देणारा कायदा केला, आणि अठरा वर्षांच्या या सुतारपुत्राच्या मनाने घेतले की, आपणही काहीतरी शोधावे. काय शोधावे हा प्रश्न त्या खेड्यात अवघड नव्हता, कारण घरोघरी बायका हातमागावर बसलेल्या त्याला दिसत होत्या. १८९० साली त्यांनी एका हाताने चालविता येईल असा लाकडी हातमाग सिद्ध केला, पुढच्याच वर्षी त्याची सनद मिळविली, आणि १८९६ साली लाकूड व लोखंड यांचा मिलाफ केलेला यंत्रमाग उभा केला. या यंत्रमागात एक गुण असा होता की, बाण्याचे सूत तुटले किंवा धोट्यातली कांडी संपली, तर माग आपोआप थांबत असे.

या थांबण्याचे महत्त्व इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या वाचकाला वेगळे सांगावयास नको. सूत तुटल्यावरही जो माग खडखडत राहतो, तो कापड विणीत नाही, तर खराबा विणतो. आणि तो खराबा टाळण्यासाठी मागापाशी एक माणूस केवळ पहाऱ्यासाठी उभा करावा लागतो. न्यायाच्या दृष्टीने येथे हेही सांगितले पाहिजे की, बाणा तुटल्यावर थांबण्याची युक्ती लँकेशायरच्या मागांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होती, आणि अमेरिकेतील नॉर्थ्रॉप माग १८९४ पासून आपली कांडी आपणच बदलू लागला होता. साकिचींचे चरित्रकार या पूर्वसूरींचा उल्लेख फारसा करीत नाहीत. साकिचींची थोरवी पहिलेपणात नसून चिकाटीत आहे. एक दोष दूर केला की दुसरा, दुसरा केला की तिसरा, असे करीत १९२४ साली त्यांनी व त्यांचे चिरंजीव किइचिरो यांनी जो ‘जी’ नमुन्याचा स्वयंचलित माग पूर्ण केला, तो वेग यत्किंचितही कमी न करता रिकामा धोटा काढून भरलेला धोटा घेत असे, आणि ताण्याचे एखादे जरी सूत तुटले तरी जागच्या जागी थांबत असे. यंत्र स्वतःचा दोष स्वतः ओळखू लागताच पहाऱ्याचे कारण उरले नाही, आणि एकेक मुलगी तीस-तीस माग सांभाळू लागली. यंत्राला हा विवेक देण्याच्या तत्त्वाला जपानी लोक जिदोका म्हणतात. पुढची सारी साधने, मला वाटते, याच एका तत्त्वाची अपत्ये आहेत.

साकिचींच्या शोधांत आणखी एक लहानशी वस्तू आहे, आणि तिच्यापाशी मराठी लेखकाने क्षणभर थबकावे हे क्रमप्राप्तच आहे. जुन्या धोट्यात नवी कांडी बसविली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्राशी नेऊन तोंडाने ओढून घ्यावे लागे. साऱ्या जगातील विणकर हेच करीत, आणि एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागत असल्याने त्याबरोबर रोगही फिरत. साकिचींनी सूत आपोआप ओवून घेणारा धोटा तयार केला. मुंबईच्या गिरण्यांत मात्र याच तोंडाने ओढण्याच्या रीतीने एक निराळाच रोग पोसला होता : साचेखाते, म्हणजे मागांचे खाते, हे गिरणीतील चांगल्या मिळकतीचे खाते, पण सुताला तोंड लावावे लागते, सबब अस्पृश्यांनी तेथे पाऊल टाकू नये, असा अलिखित दंडक होता. १९२८ च्या महान संपात डॉ. आंबेडकरांनी गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांना याच दंडकाविषयी जाब विचारला होता. ज्या अडचणीवर एका देशात यांत्रिक तोडगा निघाला, तिच्यावर दुसऱ्या देशात जातीची भिंत उभी राहिली. लाकडाच्या वीतभर तुकड्याने एवढे सांगावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तो संपही आपल्या विषयाला परका नाही. एप्रिल १९२८ मध्ये सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या त्या संपात सुमारे दीड लाख कामगार उतरले होते, आणि त्यांच्या गाऱ्हाण्यांत अग्रस्थानी होती ती मालकांची काटकसरीची योजना, म्हणजे दोन साच्यांच्या जागी तीन साचे आणि सूतखात्यात एका बाजूच्या जागी दोन बाजू एकाच माणसाच्या गळ्यात बांधण्याची तजवीज. चांगले सूत पुरवू, वेतनही थोडे वाढवू, असे मालक म्हणत. परंतु साचा तोच जुना, सूत तुटले तरी न उमजणारा, आणि वाढले होते ते केवळ माणसाचे धावणे. जपानात आधी यंत्राला थांबावयास शिकविले आणि मग माणसाकडे अधिक यंत्रे सोपविली. मुंबईत हा क्रम उलटा झाला. दोन्हीकडे माणसे कमी झालीच, हे खरे. पण अपव्यय कमी करणे आणि माणसाला पिळून काढणे यांतील भेद पाहावयाचा असेल, तर तो या क्रमातच पाहावा लागेल.

१९२९ च्या डिसेंबरात लँकेशायरमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या जगद्विख्यात माग-कारखानदारांनी ‘जी’ मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करारनामा केला. ज्या लँकेशायरकडून पूर्वेने यंत्रे घ्यावयाची, त्याने जपानी सुताराचा शोध विकत घ्यावा, ही घटना त्या काळी साधी नव्हती. ही सारी रक्कम पुढे मोटारीच्या खात्यावर जमा झाली अशी सुबक कथा सांगतात. खरे जमाखर्च सहसा इतके सुबक नसतात. पुढच्याच वर्षी साकिची निवर्तले. किइचिरोंना मोटारींचा ध्यास होता. १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली, आणि १९३८ साली कोरोमो गावाच्या माळावर तिचा कारखाना सुरू झाला. (हे गाव १९५९ पासून कारखान्याचेच नाव लावते.) हवा तो भाग, हवा तेव्हा, हवा तेवढाच यावा, अशी ताकीद किइचिरोंनी तेथे आरंभीच दिली होती, पण युद्ध आले, आणि ती ताकीद दप्तरातच राहिली.

युद्ध संपले तेव्हा जपानच्या कारखान्यांत पोलाद नव्हते, पैसा नव्हता, आणि गिऱ्हाईकही नव्हते. तीन वर्षांत अमेरिकेची बरोबरी करा, नाहीतर जपानचा मोटारधंदा जगणार नाही, असे किइचिरोंनी बजावले. ताइची ओनो हे त्या वेळी कारखान्याच्या यंत्रखात्यात होते. १९१२ साली मांचुरियातील दाइरेन येथे जन्मलेला हा गृहस्थ शिकला नागोयाच्या तंत्रशाळेत, नोकरीला लागला तो तोयोदांच्या सूतगिरणीत, आणि १९४३ साली मोटारखात्यात आला. एका अमेरिकन कामगाराच्या कामाला नऊ जपानी लागतात, असा हिशेब त्यांनी युद्धापूर्वीच ऐकून ठेवला होता. कोणताही देशाभिमानी मनुष्य अशा हिशेबाने एक तर चिडला असता किंवा खचला असता. ओनोंनी वेगळाच निष्कर्ष काढला : अमेरिकन मनुष्य नऊपट बळाचा असणे शक्य नाही, तेव्हा आपलीच माणसे काहीतरी वाया घालवीत असली पाहिजेत, आणि ते वाया जाणे थांबविले तर बळ न वाढविताही उत्पादन वाढेल.

सूतगिरणीतून आलेल्या ओनोंना मोटार कारखान्यातील एक गोष्ट प्रथमपासून खटकत होती. गिरणीत एक मुलगी कित्येक माग सांभाळीत असे. येथे एका यंत्रापाशी एक धडधाकट पुरुष, आणि यंत्र धातू कापीत असता तो हात बांधून त्याच्याकडे पाहत उभा. १९४७ साली त्यांनी यंत्रे समांतर आणि काटकोनात मांडून एका माणसाकडे दोन यंत्रे दिली, आणि पुढच्या दोनतीन वर्षांत चौकोनी मांडणी करून तीन-चार यंत्रे दिली. आयुष्यभर केवळ लेथ किंवा केवळ ड्रिल चालविण्यात ज्यांची प्रतिष्ठा होती, त्या जुन्या कारागिरांना हे रुचले नाही, आणि ते रुचावे तरी का? ओनोंनी आपल्या पुस्तकात या विरोधाचा उल्लेख केला आहे. परंतु कारागिराची बाजू ज्याच्या मुखातून कळावी, असे दुसरे पुस्तक त्या खात्यातून आले नाही.

दुसरा दोष महिनाअखेरचा. सुटे भाग कधीच वेळेवर न आल्यामुळे महिन्याचा पूर्वार्ध ते गोळा करण्यात जाई, आणि जुळणीची सारी धावपळ उत्तरार्धात होई. कोठारात भागांचे ढीग असत, पण हवा तो एक भाग त्यांत नसे.

आणि मग १९४९-५० चे अरिष्ट आले. अमेरिकन अंमलाखाली चलनवाढ रोखण्यासाठी जे कडक आर्थिक धोरण जपानात लादले गेले, त्याने पैशाची टंचाई झाली, विकलेल्या ट्रकांचे पैसे थकले, आणि टोयोटा दिवाळ्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली. बँक ऑफ जपानच्या नागोया शाखेने सावकार बँकांची मोट बांधून कंपनीला वाचविले. पण त्या बँकांनी अटी घातल्या : विक्रीची कंपनी निराळी करा, विकेल तेवढेच बनवा, आणि माणसे कमी करा. सोळाशे लोकांना काढण्याची योजना जाहीर होताच संप पेटला. कोणालाही कामावरून काढणार नाही असे वचन दिलेल्या किइचिरोंनी जून १९५० मध्ये त्या वचनभंगाचे प्रायश्चित्त म्हणून राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या २५ तारखेस कोरियाचे युद्ध सुरू झाले, आणि अमेरिकन सैन्याकडून ट्रकांच्या मागण्या येऊ लागल्या. ज्या माणसाने हा कारखाना उभारला, त्याला तो वाचलेला पाहावयास मिळाला, पण चालविण्यास मिळाला नाही; किइचिरो १९५२ च्या मार्चमध्ये वारले.

‘विकेल तेवढेच बनवा’ ही सावकाराची अट होती, हे ध्यानात ठेवल्याखेरीज ओनोंच्या चिठ्ठीचे मर्म कळत नाही. अमेरिकेतील सुपरमार्केटविषयी त्यांनी ऐकले होते (प्रत्यक्ष पाहिले ते १९५६ साली) : गिऱ्हाईक फळीवरून हवे तेवढेच उचलते, आणि दुकानदार रिकामी झालेली तेवढीच जागा भरतो. १९५३ पासून आपल्या यंत्रखात्यात त्यांनी हाच व्यवहार लागू केला. तोपर्यंत मागचे खाते जमेल तेवढे बनवून पुढच्या खात्याच्या अंगावर ढकलीत असे. आता पुढचे खाते गिऱ्हाईक झाले, आणि मागच्या खात्याकडे जाऊन, एक चिठ्ठी देऊन, तीवर लिहिलेले तेवढेच भाग आणू लागले. हीच कानबान. चिठ्ठीवाचून भाग हलवावयाचा नाही, चिठ्ठीवाचून भाग बनवावयाचा नाही, आणि सदोष भाग पुढे पाठवावयाचा नाही, एवढाच तिचा कायदा. चिठ्ठ्या जितक्या, तितकीच कारखान्यातली शिल्लक. म्हणून व्यवस्था सुरळीत चालू लागली की ओनो मुद्दाम एखाददुसरी चिठ्ठी काढून घेत, म्हणजे भाग अपुरे पडून कोठे यंत्र बिघडते, कोठे डाय बदलण्यास वेळ लागतो, हे आपोआप उघडकीस येई. साऱ्या कारखान्यात ही चिठ्ठी रूढ व्हावयास १९६२-६३ साल उजाडले. तोपर्यंत या पद्धतीला कंपनीचे नाव मिळाले नव्हते. ती ओनोंची पद्धत होती, आणि ते नाव कौतुकाने घेतले जात नव्हते.

अतिरिक्त उत्पादन, वाट पाहणे, वाहतूक, अनाठायी प्रक्रिया, साठा, वायफळ हालचाल आणि सदोष माल, असे अपव्ययाचे सात प्रकार ओनोंनी सांगितले. आपल्या पाट्यांवर ते एका रांगेत, सारख्याच अक्षरांत लिहिलेले असतात, पण ओनोंच्या लेखी ते समान नव्हते. अतिरिक्त उत्पादन हा सर्वांत मोठा गुन्हेगार, कारण तो बाकीच्या साऱ्यांना पदराआड लपवितो. मागाचे तत्त्व आता माणसांच्या रांगेला लागू झाले : जुळणीच्या लाइनवरील कोणाही कामगाराला दोष दिसला तर त्याने दोरी ओढावी, वरचा दिवा लागावा, आणि दोष तेवढ्यात निस्तरला नाही तर लाइन थांबावी. लाइन थांबल्यावर कोणाला दटावावयाचे नाही, कारण विचारावयाचे. ओनोंनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे : यंत्र का थांबले? भार अधिक होऊन फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पुरले नाही. का पुरले नाही? पंप पुरेसे खेचीत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला. पहिल्या उत्तरावर थांबणारा फ्यूज बदलतो आणि पुन्हा बदलत राहतो. पाचव्या उत्तराला पोहोचणारा गाळणी बसवितो.

शिगेओ शिंगो हे या कथेतील दुसरे नाव. ते टोयोटाचे नोकर नव्हते, सल्लागार होते. १९६१ साली नागोयातील एका विद्युत्-कारखान्यात त्यांना गाऱ्हाणे सांगण्यात आले की, दोन बटनांच्या एका लहानशा स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवावयाच्या असतात, आणि कामगार कधीकधी एक विसरतात. दर वेळी ताकीद द्यावी, थोडे दिवस बरे चालावे, पुन्हा तेच. शिंगोंनी ताकीद बंद केली आणि एक बशी आणविली. आधी दोन स्प्रिंगा बशीत काढावयाच्या, मग स्विच जुळवावयाचा. बशीत एक उरली तर विसर हातातल्या हातात उमगतो. या उपायाला पोका-योके म्हणतात, आणि त्यावर आता जाडजाड ग्रंथ आहेत; परंतु विसरणे हा मनुष्यधर्म आहे, त्याला शिक्षा करून तो नाहीसा होत नाही, हे एका बशीने जितके सांगितले तितके ते ग्रंथ सांगतात असे मला वाटत नाही. त्याच शिंगोंनी १९६९ साली टोयोटातील हजार टनी प्रेसचा डाय बदलण्यास लागणारे चार तास आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणण्यास साहाय्य केले. यंत्र चालू असताना करता येण्याजोगी कामे ते थांबण्यापूर्वीच उरकून ठेवावयाची, हे त्यातले मुख्य रहस्य.

गुणवत्तेच्या आलेखांची वंशावळ मात्र अमेरिकन आहे. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेख काढला. त्यांचे अनुयायी डेमिंग यांनी १९५० च्या उन्हाळ्यात जपानी कारखानदारांपुढे व्याख्याने दिली, आणि १९५१ पासून डेमिंग यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले, ते टोयोटाने १९६५ साली मिळविले. श्यूहार्ट भारतातही आले होते. १९४७-४८ च्या सुमारास संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी त्यांना निमंत्रिले होते. बी दोन्ही देशांत जवळजवळ एकाच वेळी पडले. परंतु आपल्याकडे परवान्यांचे राज्य होते, जे बनेल ते खपत होते, आणि जेथे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे स्कूटरसाठी नाव नोंदवून बसते, तेथे सदोष मालाची लाज कोणाला वाटणार?

१९७३ च्या तेलसंकटात इतर कारखाने अडखळले आणि टोयोटा त्यांच्यापेक्षा लवकर सावरली, तेव्हा जपानचेच लक्ष या पद्धतीकडे प्रथम गेले. १९७८ साली ओनोंचे पुस्तक आले. १९८४ मध्ये जनरल मोटर्सच्या कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील बंद पडलेल्या कारखान्यात, बेशिस्त म्हणून बदनाम झालेल्या त्याच जुन्या कामगारांना घेऊन, टोयोटाने भागीदारीत मोटारी काढल्या, आणि त्या उत्तम निघाल्या. तेथेच काम केलेल्या जॉन क्राफसिक या अभियंत्याने १९८८ साली या पद्धतीला ‘लीन’ हे नाव दिले, १९९० सालच्या एका ग्रंथाने ते जगभर नेले, आणि ओनो व शिंगो दोघेही त्याच वर्षी वारले. महाराष्ट्रापुरते सांगावयाचे तर, कांदिवली व नागपूर येथे ट्रॅक्टर बनविणाऱ्या महिंद्रांच्या शेतीअवजार विभागाने २००३ साली डेमिंग पारितोषिक पटकाविले.

या यशोगाथेच्या बाजूला आणखी एक पुस्तक ठेवावे लागते. सातोशी कामाता या पत्रकाराने १९७२ साली टोयोटात सहा महिन्यांचा हंगामी कामगार म्हणून नोकरी धरली, आणि पुढच्या वर्षी आपली रोजनिशी छापली. तिच्या जपानी नावातच कारखान्याला निराशेचा कारखाना म्हटले आहे. वाया जाणारी हालचाल काढून टाकली म्हणजे विसाव्याचा क्षणही काढला जातो, लाइनचा वेग वाढतो, आणि थकलेला हंगामी मनुष्य मुदत संपण्याआधीच गाशा गुंडाळतो, हे तीत दिसते. ओनोंच्या पुस्तकातील कामगार आणि कामातांच्या पुस्तकातील कामगार एकाच छपराखाली होते. पहिल्याला १९५० च्या संपानंतरच्या समझोत्याने नोकरीची शाश्वती लाभली होती. युक्ती सुचविली तर आपलेच काम जाईल ही भीती त्याला नव्हती, म्हणून तो दोरी ओढी आणि सूचनाही देई. दुसऱ्याच्या करारात ते कलम नव्हते. चाकण-वाळूजच्या लाइनींवर आज दोऱ्या आहेत, दिवे आहेत, चिठ्ठ्यांच्या जागी पडद्यावर उमटणाऱ्या मागण्या आहेत. आणि लाइनपाशी उभ्या असलेल्यांत पुष्कळजण ठेकेदाराच्या हजेरीपटावरचे, काही महिन्यांच्या मुदतीचे आहेत, ज्यांना दोरी कशी ओढावयाची हे पहिल्याच दिवशी शिकविलेले असते.